घरच्या कॉम्प्युटरवर फोल्डरला नाव देताना

सातबाऱ्याचा उतारा डाउनलोड झाला, तो ठेवायला नवा फोल्डर उघडला आणि नाव टाइप करायला घेतलं ७/१२, तर विंडोज तिरपी रेघ उमटूच देत नाही. कॉलेजात शिकणारी मुलगी विद्यापीठाच्या कायम नोंदणी क्रमांकाचे कागद ठेवायला रोमन अक्षरांत 'पीआरएन' नावाचा फोल्डर करू पाहते, तर 'डिव्हाइसचं नाव चुकीचं आहे' अशा अर्थाचा संदेश येतो. या अडचणी निदान तिथल्या तिथे कळतात. जास्त त्रास देतात ती नावं, जी आज निमूट चालतात आणि दोन वर्षांनी बॅकअप घेताना, झिप उघडताना किंवा नव्या लॅपटॉपवर सगळं हलवताना अडतात.

फोल्डर एका जागी राहत नाही, हे धरूनच नाव ठेवायला हवं. तो पेन ड्राइव्हवर जातो, फोनवर जातो, गूगल ड्राइव्हवर चढतो, सीएच्या ऑफिसातल्या जुन्या विंडोजवर उघडतो, परदेशातल्या भावाच्या मॅकवर उतरतो. प्रत्येक ठिकाणचे नियम वेगळे आहेत. त्यातल्या सगळ्यांत कडक नियमात बसेल असं नाव पहिल्यांदाच दिलं, की पुढे त्यावर वेळ घालवावा लागत नाही.

विंडोजला न चालणारी नऊ चिन्हं

विंडोजमध्ये फाइल किंवा फोल्डरच्या नावात ही चिन्हं घेता येत नाहीत:

< > : " / \ | ? *

यातल्या प्रत्येक चिन्हाला आधीच एक काम दिलेलं आहे. दोन्ही तिरप्या रेघा एका फोल्डरच्या आत दुसरा फोल्डर दाखवतात. विसर्गासारखी दोन टिंबं ड्राइव्हच्या अक्षरानंतर येतात. प्रश्नचिन्ह आणि तारा 'इथे कोणतंही अक्षर चालेल' असं शोधताना सांगतात. उरलेली चार कमांडच्या ओळीत, म्हणजे आदेश टाइप करून कॉम्प्युटर चालवतात तिथे, वापरात आहेत. लिनक्स यातली फक्त सरळ तिरपी रेघ नाकारतं आणि मॅकवर फोल्डर दाखवणारा फाइंडर फक्त दोन टिंबं. त्यामुळे मॅकवर बिनतक्रार बनलेला 'पावत्या कुठे?' हा फोल्डर विंडोजवर तसाच उतरत नाही. गूगल ड्राइव्हच्या वेबपानावर तिरपी रेघही चालते आणि एकाच जागी एकाच नावाचे दोन फोल्डरही चालतात. ते कॉम्प्युटरवर उतरवले की नावं बदलून येतात आणि कोणता कुठला, हे ओळखत बसावं लागतं.

आपल्याकडे तिरप्या रेघेची गरज वारंवार पडते, कारण जमिनीचे आणि हिशेबाचे सगळे आकडे तिनेच लिहायची सवय आहे. त्यावरचे सोपे पर्याय असे: ७/१२ ऐवजी 'सातबारा', गट क्र. ४५/२/अ ऐवजी 'गट-४५-२-अ', 'वीजबिल : मे' ऐवजी 'वीजबिल-मे'.

काही जण युनिकोडमधून तिरप्या रेघेसारखं दिसणारं दुसरंच चिन्ह आणून चिकटवतात. विंडोज ते घेतं, पण नंतर शोधताना कीबोर्डवरची नेहमीची रेघ टाइप केली की तो फोल्डर सापडत नाही. वर्डमधून कॉपी केलेल्या गोल अवतरणचिन्हांचं आणि लांब डॅशचंही तेच. ही चिन्हं विंडोजला चालतात, तुमच्या कीबोर्डवर मात्र ती नसतात. नाव नेहमी हाताने टाइप करा, कुठून तरी चिकटवू नका.

ज्यांवर बंदी नाही, तरीही टाळलेली बरी अशी चिन्हंही आहेत: % # & ! ^ ~ आणि साधं अवतरणचिन्ह '. कारण फोल्डरचा पत्ता लिंकमध्ये किंवा एखाद्या छोट्या बॅकअप स्क्रिप्टमध्ये गेला, की यांना वेगळाच अर्थ मिळतो. नावाची सुरुवात टिंबाने केली तर मॅक आणि लिनक्स तो फोल्डर लपवूनच टाकतात. जोडण्यासाठी आडवी छोटी रेघ, म्हणजे हायफन, सर्वांत बिनधोक. तोही नावाच्या मध्ये असावा, सुरुवातीला नको. सुरुवातीचा हायफन कमांडच्या ओळीत सूचना समजला जातो.

शेवटचं टिंब आणि शेवटची स्पेस

मराठीत संक्षेप टिंबाने संपतात: 'पावत्या इ.', 'घर क्र.', 'प्रा. लि.'. विंडोजच्या फाइल एक्सप्लोअररमध्ये असं नाव दिलं की शेवटचं टिंब गुपचूप गळतं. शेवटी राहिलेल्या स्पेसचंही तसंच. इथवर काही बिघडत नाही.

बिघडतं ते फोल्डर मॅकवर किंवा लिनक्सवर चालणाऱ्या घरगुती नॅसवर, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेल्या साठवणीच्या पेटीवर, बनला असेल तर. तिथे शेवटचं टिंब टिकतं, आणि मग विंडोजला तो फोल्डर यादीत दिसतो, पण उघडत नाही, नाव बदलू देत नाही, डिलीटही होत नाही. विंडोज पत्ता वाचताना टिंब काढून टाकतं आणि 'असा फोल्डरच नाही' म्हणतं. उपाय दोन. पहिला आणि चांगला: तो जिथे बनला त्याच मशीनवर, नॅस असेल तर त्याच्या वेबपानावरून, नाव बदला. दुसरा फक्त आतला माल आधीच सुरक्षित ठेवलेला असेल तरच. कमांड प्रॉम्प्ट उघडा, रोमन अक्षरांत 'आरडी /एस' टाइप करा, एक स्पेस द्या, मग दुहेरी अवतरणचिन्हात आधी \\?\ आणि त्याला लागून फोल्डरचा पूर्ण पत्ता, शेवटच्या टिंबासकट. सुरुवातीची ती चार चिन्हं विंडोजला सांगतात की पत्ता जसाच्या तसा घे, काही छाटू नकोस. हा आदेश फोल्डर आतल्या सगळ्या मालासकट पुसतो आणि तो रिसायकल बिनमध्ये जात नाही, म्हणून एंटर दाबण्यापूर्वी पत्ता अक्षर न् अक्षर तपासा.

राखीव नावं

रोमन लिपीत लिहिलेली ही नावं विंडोजने स्वतःकडे ठेवली आहेत: सीओएन, पीआरएन, एयूएक्स, एनयूएल, आणि सीओएम व एलपीटी यांच्यापुढे १ ते ९ मधला एखादा आकडा. हा डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या प्रणालीच्या, काळाचा वारसा आहे. तेव्हा कीबोर्ड-पडदा, प्रिंटर, जोडलेली यंत्रं यांना फाइलसारखंच नावाने हाक मारली जायची. पीआरएन म्हणजे प्रिंटर. जुने प्रोग्राम चालत राहावेत म्हणून ती नावं आजवर तशीच जपली आहेत. अक्षरं लहान काढा की मोठी, फरक पडत नाही. पुढे टिंब देऊन काही जोडलं तरी जुन्या विंडोजवर सुटका नाही, म्हणजे 'पीआरएन.पीडीएफ' हे नावही अडतं. विंडोज ११ ने यात थोडी सूट दिली आहे, पण तिच्या भरवशावर राहू नका. तुमचा पेन ड्राइव्ह उद्या विंडोज १० च्या मशीनला लागणारच आहे.

विद्यार्थ्यांसाठी तोड सोपी आहे: हायफन देऊन पुढे काहीही लिहा, 'पीआरएन-कागदपत्रे' चालतं. देवनागरीत लिहिलेल्या 'पीआरएन' वर तर कसलीच बंदी नाही.

देवनागरी नावं: चालतात, पण तीन गोष्टी सांभाळा

विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड या सगळ्यांना आज युनिकोड देवनागरी नीट कळते. 'मराठीत नाव ठेवू नका, कॉम्प्युटर बिघडतो' हा सल्ला जुना झाला. घरातल्या आईवडिलांना फोल्डर सापडायला हवा असेल, तर तो मराठीतच असावा. आईला 'विमा' लगेच दिसतो, 'इन्शुरन्स' ची रोमन स्पेलिंग शोधत बसायला तिला का लावायचं?

पहिली काळजी जुन्या फॉन्टची. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं मुळात रोमनच साठवली जातात, फक्त वरचा मुखवटा मराठी असतो. फोल्डरच्या नावाला फॉन्ट लावता येत नाही. त्यामुळे तशा कीबोर्डवर नाव टाइप केलं की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ उमटतो, आणि त्यात बंदीचं चिन्ह आलं तर नाव अर्धवटच राहतं. डीटीपीचं काम घरून करणाऱ्यांनी फोल्डरला नाव देताना कीबोर्ड बदलायची सवय लावून घ्यावी. विंडोज १० आणि ११ मध्ये सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज (११ मध्ये लँग्वेज अँड रीजन) या वाटेने मराठी जोडली की इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक असे दोन्ही कीबोर्ड मिळतात. विंडोज आणि स्पेसबार एकत्र दाबलं की कीबोर्ड बदलतो.

दुसरी काळजी डोळ्यांना न दिसणाऱ्या फरकाची, आणि मराठीला ती इतरांपेक्षा जास्त नडते. हे दोन शब्द पाहा: 'सातबाऱ्या' आणि 'सातबार्‍या'. बहुतेक पडद्यांवर ते हुबेहूब सारखे दिसतील. पहिल्यात ऱ हे स्वतंत्र अक्षर, त्याला हलन्त आणि मग य आहे. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग एक अदृश्य जोडचिन्ह आणि य. एक्सेलच्या दोन घरांत हे शब्द चिकटवून लांबी मोजणारं 'लेन' फंक्शन लावलं तर पहिल्याची लांबी ९ येते, दुसऱ्याची १०. विंडोजच्या लेखी ही दोन वेगळी नावं. एकाच ड्राइव्हवर, एकाखाली एक, सारखेच दिसणारे दोन फोल्डर बनतात. अर्धे उतारे एकात, अर्धे दुसऱ्यात. शोधलं तर एकच सापडतो.

'ॲ' चं त्याहून वाईट. 'ॲडमिशन' हा शब्द तीन प्रकारे टाइप होऊ शकतो: एकसंध ॲ घेऊन, अ आणि अर्धचंद्र जोडून, किंवा त्या दोहोंच्या मध्ये अदृश्य जोडचिन्ह घालून. एकसंध ॲ युनिकोडमध्ये २००८ साली आला, त्यामुळे जुन्या मजकुरात दुसरे दोन प्रकार भरपूर आहेत. फोनवरचा कीबोर्ड, लॅपटॉपवरचा कीबोर्ड आणि वेबवरचं लिप्यंतराचं साधन एकच प्रकार देतील याची खात्री नाही.

उपाय असा: घरात फोल्डरची नावं देण्यासाठी एकच कीबोर्ड ठरवा. व्हॉट्सॲपवरून किंवा पीडीएफमधून नाव कॉपी करू नका, त्यासोबत अदृश्य चिन्हं येतात. आणि फोल्डरच्या नावात ऱ्य, ऱ्ह आणि ॲ असलेले शब्द शक्यतो घेऊच नका. 'सातबाऱ्याचे उतारे' ऐवजी 'सातबारा', 'ॲडमिशन' ऐवजी 'प्रवेश', 'दुसऱ्या गाडीचे कागद' ऐवजी 'गाडी-२'. नाव आखूडही होतं.

याच्याच जोडीला शुद्धलेखन. 'बिल' आणि 'बील', 'विमा' आणि 'वीमा', 'पावती', 'पावत्या', 'पावतीपत्र' असं घरात प्रत्येकाने वेगळं लिहिलं की शोध कोलमडतो. दहा-पंधरा नेहमीचे शब्द ठरवून कपाटाच्या आतल्या बाजूला कागदावर चिकटवा. एकवचन ठेवा: बिल, पावती, करार, फोटो, तपासणी.

तिसरी काळजी पोचण्याची. जुन्या विंडोजमधली झिप करायची अंगची सोय देवनागरी नाव दिसलं की 'या नावात झिपमध्ये न चालणारी अक्षरं आहेत' म्हणून थांबते. जुनी झिप साधनं उघडताना नावाच्या जागी वेडीवाकडी चिन्हं दाखवतात. सेव्हन-झिप हा मोफत प्रोग्राम वापरला तर हा प्रश्न बहुतेक वेळा येत नाही. गाडीतल्या स्टिरिओवर किंवा जुन्या टीव्हीवर मराठी नावांच्या जागी चौकोन दिसू शकतात. म्हणून आमचा सल्ला असा की जे फोल्डर घराबाहेर जायचेत, म्हणजे सीएला, बँकेला, झेरॉक्सवाल्याकडे किंवा गाडीत, त्यांना आखूड रोमन नाव द्या, सगळी लहान अक्षरं आणि मध्ये हायफन. घरात राहणारे फोल्डर बिनधास्त मराठीत ठेवा. लहान अक्षरांचा आग्रह यासाठी की विंडोज मोठ्या-लहान अक्षरांत भेद करत नाही, लिनक्स करतं. नॅसवर एकाच नावाचे मोठ्या आणि लहान अक्षरांतले दोन फोल्डर शेजारी राहू शकतात. विंडोजवर उतरवताना ते एकमेकांवर आदळतात.

लांबी: दोन वेगळ्या मर्यादा

विंडोजमध्ये एका नावाला २५५ अक्षरांची मर्यादा आहे, ती सहसा आडवी येत नाही. अडवते ती पूर्ण पत्त्याची मर्यादा: ड्राइव्हच्या अक्षरापासून फाइलच्या शेवटपर्यंत २६०, आणि त्यातलं एक शेवटच्या अदृश्य खुणेसाठी, म्हणजे हाती २५९. नुसता फोल्डर बनवायचा असेल तर त्याचा पत्ता २४८ च्या आत बसावा लागतो, कारण आत जुन्या पद्धतीच्या आठ अधिक तीन अक्षरांच्या नावाला जागा राखलेली असते. एक्सेल त्याहून हट्टी आहे: पत्ता आणि फाइलचं नाव मिळून २१८ च्या पुढे गेलं की ते फाइल उघडत नाही. विंडोज १० च्या १६०७ आवृत्तीपासून लांब पत्त्यांची सोय चालू करता येते, पण तिचा फायदा फक्त त्यासाठी लिहिलेल्या प्रोग्रामना मिळतो, फाइल एक्सप्लोअररला नाही. त्यामुळे घरी ती चालू करून फार काही साधत नाही.

ही अक्षरं कुठे खर्च होतात ते बघा. फोल्डर थेट डी ड्राइव्हवर असेल तर सुरुवातीचा खर्च ३ अक्षरांचा. तोच वनड्राइव्हमधल्या डॉक्युमेंट्समध्ये असेल आणि युझरनेम सहा अक्षरी असेल, तर आपलं पहिलं अक्षर उमटण्याआधीच ३५ गेली. त्यावर बॅकअपचा प्रोग्राम स्वतःचा तारखेचा फोल्डर चढवतो. झिप उघडताना झिपच्या नावाचा फोल्डर बनतो आणि आत पुन्हा त्याच नावाचा. मूळ जागी बरोबर बसलेला पत्ता परत आणताना २६० ओलांडतो तो असा.

दुसरी मर्यादा अक्षरांची नसून बाइटची, म्हणजे साठवणीच्या मापाची. लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइल साठवण्याच्या पद्धतीत, म्हणजे घरगुती नॅसवर बहुधा, एका नावाला २५५ बाइट मिळतात. रोमन अक्षराला १ बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक खुणेला ३. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगवेगळे मोजले जातात. 'महाराष्ट्र' डोळ्यांना चार अक्षरं दिसतात, साठवताना त्याच्या १० खुणा आणि ३० बाइट होतात. 'प्रधानमंत्री आवास योजना अर्ज आणि कागदपत्रे' हे नाव विंडोजला ४२ अक्षरांचं, तर लिनक्सला ११६ बाइटांचं. थोडक्यात, मराठी नावाला तिथे जास्तीत जास्त ८५ खुणा. काही नॅसवर एन्क्रिप्ट केलेल्या, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येऊ नये असं साठवलेल्या, फोल्डरमध्ये ही मर्यादा १४३ बाइटांवर येते, म्हणजे जेमतेम ४७ खुणा. वरचं योजनेचं नाव त्यात बसतं, पण पुढे मराठी अंकांत तारीख आणि 'अंतिम' जोडलंत तर बसत नाही.

हे सगळं लक्षात घेता घरासाठी व्यवहारी माप असं: एका फोल्डरच्या नावात ३० पेक्षा जास्त खुणा नकोत, एकाच्या आत एक चार पायऱ्यांहून खोल जाऊ नका, आणि सगळ्यात आतल्या फोल्डरचा पत्ता १५० च्या आत ठेवा. मोजायला सोपी रीत आहे. विंडोज ११ मध्ये फोल्डर निवडून कंट्रोल, शिफ्ट आणि सी एकत्र दाबा. पत्ता कॉपी होतो. एक्सेलच्या घरात चिकटवा, शेजारी 'लेन' लावा आणि आलेल्या आकड्यातून २ वजा करा, कारण पत्त्याच्या दोन्ही टोकांना अवतरणचिन्हं चिकटून येतात.

'पत्ता फार लांब आहे' असा संदेश येऊन कॉपी अडलीच, तर आतल्या फाइलींची नावं एकेक करून आखूड करत बसू नका. सर्वांत वरच्या फोल्डरचं नाव तात्पुरतं एका अक्षराचं करा; एका फटक्यात वीस-तीस अक्षरं मोकळी होतात. तेवढ्यानेही भागलं नाही तर सेव्हन-झिपच्या स्वतःच्या फाइल मॅनेजरमधून हलवा, त्याला लांब पत्ते चालतात.

तारखा आणि क्रम

तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच लिहा: २०२५-०३-१५. आपल्या नेहमीच्या पद्धतीने दिवस आधी लिहिला की नावाप्रमाणे लावलेल्या यादीत १५ ऑगस्ट २०१९ आणि १५ मार्च २०२५ शेजारी येतात आणि १४ मार्च भलतीकडेच जातो. एक अंकी महिन्यामागे शून्य हवंच. या लेखात ते मराठीत छापले असले, तरी नावातले अंक इंग्रजीच टाइप करा, मराठी नावातसुद्धा. सगळीकडे सारखे लागतात आणि शोधताना कीबोर्ड बदलावा लागत नाही.

आर्थिक वर्ष लिहिताना एक खोच आहे. '२०११-१२' म्हणजे आर्थिक वर्ष की डिसेंबर २०११? २०००-०१ पासून २०११-१२ पर्यंतच्या सगळ्या वर्षांत हा घोळ होतो, आणि जुन्या आयकर विवरणपत्रांचे स्कॅन नेमके तिथलेच असतात. आर्थिक वर्षाआधी 'आव' जोडा ('आव-२०११-१२') किंवा दोन्ही वर्षं पूर्ण लिहा. आणि करआकारणी वर्ष त्यात मिसळू नका. आर्थिक वर्ष २०११-१२ चं करआकारणी वर्ष २०१२-१३ असतं. फोल्डरवर एकच पद्धत ठेवा.

मुख्य फोल्डरना क्रमांक द्यायचे तर दोन अंकी आणि मध्ये जागा सोडून: १०-जमीन, २०-घर, ३०-बँक-कर, ४०-आरोग्य, ५०-शिक्षण, ६०-फोटो. उद्या गाडी आली की २५ मोकळाच आहे. फाइल एक्सप्लोअरर २ ला १० च्या आधी लावतं, पण ही समज सगळ्या साधनांना नसते. दोन अंकी क्रमांक कुठेही नीट लागतात. 'नवीन', 'नवीन फोल्डर (३)', 'अंतिम', 'अंतिम-खरा', 'इतर' ही नावं कुठेच वापरू नका. सहा महिन्यांनी त्यांचा अर्थ कोणालाही सांगता येत नाही.

नावातून काय उघडं पडतं

फाइलीला पासवर्ड असतो, फोल्डरच्या नावाला नसतो. मीटिंगमध्ये स्क्रीन दाखवताना, दुरुस्तीला लॅपटॉप दिल्यावर, अलीकडे उघडलेल्यांच्या यादीत, सगळीकडे नाव दिसतं. पासवर्ड लावलेल्या झिपमध्येसुद्धा आतल्या फाइलींची आणि फोल्डरची नावं पासवर्डशिवाय वाचता येतात. ती झाकायची तर सेव्हन-झिपमध्ये स्वरूप 'सेव्हन-झेड' निवडून फाइलींची नावं एन्क्रिप्ट करण्याच्या चौकोनावर खूण करावी लागते. म्हणून आधार, पॅन, खाते क्रमांक, लॉकर क्रमांक, आजाराचं नाव किंवा 'पासवर्ड' हा शब्द फोल्डरच्या नावात नको. 'बँक-बचत-१' पुरे. एकाच बँकेत दोन खाती असतील तर शेवटचे चार अंक चालतील.

कॉलेजात एक क्लृप्ती फार फिरते: आल्ट धरून २५५ टाइप करून बिननावाचा फोल्डर बनवायचा. त्याने काही लपत नाही. उलट पेन ड्राइव्हवरचे काही व्हायरस मूळ फाइली नेमक्या अशाच बिननावाच्या फोल्डरमध्ये दडवतात, त्यामुळे तसा फोल्डर दिसला की तो आपला की व्हायरसचा, हेच कळत नाही. त्याच जातीचे व्हायरस फोल्डरचं चित्र लावलेला शॉर्टकट किंवा प्रोग्राम तुमच्याच फोल्डरच्या नावाने ठेवतात. झेरॉक्सच्या दुकानातून पेन ड्राइव्ह परत आला की व्ह्यू मध्ये 'डिटेल्स' निवडा आणि 'टाइप' चा रकाना वाचा. तिथे 'फाइल फोल्डर' असायला हवं; 'शॉर्टकट' किंवा 'ॲप्लिकेशन' असेल तर डबल क्लिक करू नका. व्ह्यू, शो, फाइल नेम एक्स्टेन्शन्स हे कायमचं चालू ठेवा.

आधीची नावं बदलायची तर

१. सगळं आहे त्याच नावांनी बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. ही प्रत काम संपल्यावरही महिनाभर ठेवा.

२. वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्हचं सिंक पॉज करा आणि त्याच खात्यावरचा दुसरा कॉम्प्युटर बंद ठेवा. दोन्हीकडे अर्धी जुनी, अर्धी नवी नावं झाली की दुहेरी फोल्डर तयार होतात.

३. हात लावायचा नाही अशांची यादी करा: सी ड्राइव्हवरचे विंडोज, प्रोग्राम फाइल्स, युझर्स आणि त्यातला तुमच्या खात्याच्या नावाचा फोल्डर. त्याचं नाव चुकीचं वाटत असलं तरी हाताने बदलू नका, विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे अंतर्गत नोंदवहीत, तोच पत्ता नोंदलेला असतो. घरी टॅली असेल तर तिच्या डेटामधले नुसत्या आकड्यांचे फोल्डरही तसेच राहू द्या. फोटो लावणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कॅटलॉग असेल तर त्यातल्या फोल्डरची नावं त्या सॉफ्टवेअरच्या आतूनच बदला, नाहीतर त्याला फोटो सापडेनासे होतात.

४. एकेका फोल्डरसाठी एफ२ दाबा आणि नवं नाव टाइप करा. अनेक फोल्डर निवडून एफ२ दाबू नका. सगळ्यांना एकच नाव आणि कंसात आकडे मिळतात. तसं झालंच तर लगेच कंट्रोल आणि झेड.

५. संख्या मोठी असेल तर मायक्रोसॉफ्टच्या मोफत पॉवरटॉइजमधलं पॉवररिनेम वापरा. फोल्डर निवडून उजवं क्लिक, पॉवररिनेम, वर शोधायचं आणि खाली बदलायचं लिहायचं. फाइली वगळून फक्त फोल्डर घेण्याचं बटण दाबा. उजवीकडे नवी नावं आधीच दिसतात. ती खालपर्यंत वाचा, मगच 'अप्लाय'. अदृश्य जोडचिन्ह काढायचं असेल तर एखाद्या बाधित नावातून कॉपी करून 'शोधा' मध्ये चिकटवण्यापेक्षा 'र्‍य' असा पूर्ण तुकडा शोधून 'ऱ्य' ने बदलणं सोपं. नुसतं अदृश्य चिन्ह निवडायला गेलं की हमखास हुकतं.

६. आता परीक्षा. सर्वांत खोल, सर्वांत लांब मराठी नावाचा फोल्डर घ्या. त्याची झिप करा, एक्सफॅट पद्धतीने फॉर्मॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर टाका, दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडा, एकदा फोनवर उघडा, नॅस असेल तर तिथेही. प्रत्येक ठिकाणी आतल्या फाइलींची संख्या मूळ फोल्डरच्या 'प्रॉपर्टीज' मधल्या संख्येशी जुळवा. संख्या कमी आली तर जे उतरलं नाही त्याचं नाव शोधा. बहुतेक वेळा शेवटचं टिंब किंवा लांब पत्ताच निघतो.

७. सिंक पुन्हा सुरू करा आणि ते पूर्ण होईपर्यंत नवं नाव देऊ नका. त्यानंतर डेस्कटॉपवरचे शॉर्टकट, प्रिंटरच्या स्कॅनमध्ये दिलेला साठवणीचा फोल्डर आणि बॅकअप प्रोग्राममधला पत्ता हे तीन एकेक करून उघडून बघा. स्कॅनर जुन्या पत्त्यावरच कागद टाकायला जातो आणि तो फोल्डर नसेल तर कधी कधी तसाच नवा बनवतो.